राखुंडीवर आलेला आळ

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी माझी छाती जागी व्हायची. पहाटे घशाच्या खाली कुठेतरी बारीक शिट्टी सुरू व्हायची, श्वास आत जाताना एक सूर आणि बाहेर येताना दुसरा. त्या आवाजानं आधी आई उठायची, मग आमची मांजर उठायची आणि सगळ्यात शेवटी मी. वडील, म्हणजे आमचे दादा, साखर कारखान्यात फिटर होते. यंत्रांच्या आवाजावरून बिघाड ओळखणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे माझ्या छातीकडेही ते त्याच नजरेनं बघायचे. पांघरुणावर कान टेकवून म्हणायचे, "आज नुसती वाफ लीक हाय," नाहीतर, "आज बेअरिंगच गेलंय की गं सुजे." मला हसू यायचं, हसलं की खोकल्याची उबळ यायची, आणि मग आई दादांवर ओरडायची. देवळाली प्रवऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांमधल्या बहुतेक सकाळी अशाच सुरू झालेल्या मला आठवतात.

मांजरीचं नाव राखुंडी. मी रांगायला लागले त्या सुमारास ती घरात आली. एवढंसं पिल्लू, आल्या आल्या दात घासायच्या राखुंडीच्या डब्यात चारी पाय घालून बसलं आणि मग घरभर काळे ठसे उठवत हिंडलं. अंगाचा रंगही तसलाच जळका करडा, त्यामुळे नाव शोधायला कुणी डोकं खाजवलं नाही. मी तिच्या वाटीतलं दूध प्यायचे आणि ती माझ्या ताटलीतला भात खायची, हे सांगताना आईच्या चेहऱ्यावर अजूनही निम्मी किळस आणि निम्मं कौतुक असतं. दादांचं तिच्याशी वेगळंच नातं होतं. गल्लीत मांजर आडवं गेलं की माणसं चार पावलं मागे यायची. दादा पाळीवर निघताना मुद्दाम राखुंडीला उचलून दारात सोडायचे, ती सावकाश आडवी जाईपर्यंत सायकल धरून उभे राहायचे आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "झालं का बाई तुझं? मग मी जातो." इतक्या वर्षांत त्यांचा एक खाडासुद्धा तिच्यामुळे झाला नाही.

आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून प्रवरेत सोडले होते, आणि दादा त्या कामाचे जणू शिल्लक राहिलेले मुकादम होते. घरात अंधश्रद्धेचा कण राहिलाय का, हे ते सतत झाडून बघायचे. माझ्या छातीसाठी गल्लीतून नाना सल्ले यायचे. कुणी ताईत सांगे, कुणी गाढविणीचं दूध, कुणी जिवंत मासा गिळायला लावणाऱ्या माणसाचा पत्ता. दादा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मासा गिळून दमा गेला असता तर बगळ्याला कधी खोकला झाला नसता, पर आमाला बगळा न्हाई व्हायचं." आईला हे पटायचं. ताईत तिनंही कधी बांधला नाही. पेरू, केळं, दही आणि चिंच मात्र तिनं बंद केली होती. उसाच्या मुलखात वाढून मला ऊसही अर्ध्या कांड्याच्या वर मिळायचा नाही. गळीत सुरू झालं की कारखान्याच्या चिमणीतून काळी काजळी उडत यायची, दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर बसायची, आणि मळीचा गोडसर कुबट वास गावभर भरून राहायचा. त्या दिवसांत आई मला दार लावून आत बसवायची.

आणि धुरी द्यायची. धुरी म्हणजे काय ते आता नव्या मुलांना सांगावं लागतं. आमच्याकडे स्वयंपाकाला गॅस आला होता, पण परसात अंघोळीच्या पाण्याची चूल होती. आई त्या चुलीतले निखारे एका खापरात काढायची. त्यावर ओवा, वेखंड, लसणीची सालं, कडुनिंबाचा वाळका पाला आणि वरून चिमूटभर ऊद. खापर बाजेखाली सरकवायची, मला बाजेवर बसवायची आणि डोक्यावरून गोधडी टाकायची. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि मग खोकला, आतडी बाहेर येतील असा. बाहेरून आईचा हात गोधडीवरून पाठीवर फिरत असायचा. "सुटतोय बघ कफ. खोक, बाय, खोक. निघू दे सगळं." मी खोकायचे. धुरीनंतर मी इतकी थकायचे की भिंतीला टेकून गप्प पडून राहायचे, आणि आई समाधानानं म्हणायची, "आता कशी निवांत झाली पोर." राखुंडी खापर दिसलं की शेपूट वर करून थेट परसाच्या भिंतीवर जाऊन बसायची. तिच्याकडून काही शिकावं असं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

दादांनी घरातून एवढं सगळं काढलं, पण धुरीला त्यांनी कधी हात लावला नाही. धुरी त्यांच्या लेखी श्रद्धेत मोडतच नव्हती. अंघोळ, तेल, काजळ, तशी धुरी, बायकांचं लेकरू सांभाळण्याचं काम. आणि दुसरं कारण असं होतं की आईच्या धुरीविषयी बोलायची कुणाची छाती नव्हती. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. दादांना नुकती नोकरी लागली होती, भाड्याची खोली होती, घरात कुणी जाणती बाई नव्हती. बाळंतपणानंतर शेक-शेगडी करायला कुणी आलं नाही आणि आईचं वय ते काय, तिला एकटीला काही जमलं नाही. थंडीत बाळाला डबा झाला, म्हणजे छाती भरली, आणि ते गेलं. नाव ठेवायचंही राहिलं होतं. भेटायला आलेल्या बायकांनी, त्यात माझी आजीही आली, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "धुरी दिली हुती का गं?" आईनं दिली नव्हती. हे मला आईनं कधी बसवून सांगितलं नाही. धुरीच्या वेळी मी जास्त कुरकुर केली की गोधडीबाहेरून तिचा आवाज यायचा, "एकदा चुकले, आता न्हाई चुकायची," आणि हळूहळू मला त्याचा अर्थ लागत गेला. त्यानंतर मी कुरकुर केली नाही.

चौथीच्या वर्षी हिवाळ्यात माझी शाळा जवळजवळ सुटलीच. दादा मला राहुरीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर चांगले होते, घाई करणारे नव्हते. छाती तपासली, पाठ तपासली, नखं बघितली आणि मग दादांना एकेक विचारायला लागले.

"घरात बिडी-सिगारेट?"

"न्हाई साहेब. कुणीच न्हाई."

"चुलीचा धूर?"

"गॅस हाय आता," दादा जरा ताठ बसून म्हणाले. "धुराचं काम न्हाई घरात."

"कुत्रं, मांजर?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. दादा कधी खोटं बोलायचे नाहीत. "मांजर हाय," ते म्हणाले. "हिच्याजवळच झोपती."

डॉक्टरांनी मान डोलावली. मांजराच्या केसांनी, कोंड्यानं अशा मुलांची छाती भरते, ते आधी घरातून काढा, मग औषधाला गुण येईल, असं ते म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. कितीतरी मुलांचं तसं होतंच, आणि त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी सल्ला दिला. दादा खोटं बोलले, असंही म्हणता येत नाही. डॉक्टरांनी धूर विचारला होता. धुरी हे औषध होतं, आणि औषधाला धूर कोण म्हणतं?

घरी आल्यावर मी एकच विचारलं, "तिला नदीपलीकडे सोडणार का?" आमच्याकडे नको असलेलं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडायची रीत होती. परत येऊ नये म्हणून पोतं वाटेत दोन-चार वेळा गरगर फिरवायचं. दादांना राग आला. "रोज सकाळी पंचशील म्हनायचं आन मांजर पोत्यात घालून फिरवायचं? आपल्याच्यानं न्हाई व्हायचं ते." आई बाजेवर बसून होती. तिला राखुंडीचा जीव घ्यायचा नव्हता, पण राखुंडी घरातही नको होती. माझ्या आणि बरं होण्याच्या मध्ये आता फक्त एक मांजर उभी आहे असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटल्यावर कुठलीही आई जे करेल तेच ती करत होती. मी हे आज समजून लिहितेय. तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

शेवटी कांतामावशी आली. ही आईची धाकटी बहीण, मिरजगावला दिलेली. तिचे यजमान शाळामास्तर, आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूल नव्हतं. घरात ज्वारीची कणगी होती आणि कणगीला उंदीर होते. "आक्का, दे मला ती," मावशी म्हणाली. "आमच्याकडचं उंदीर इतकं माजलेत, चालताना आमालाच बाजूला व्हायला लावत्यात." वेताच्या पाटीत जुनं लुगडं घातलं, राखुंडीला आत ठेवलं, वरून दुसरी पाटी उपडी घालून सुतळीनं बांधली. मावशी एसटीत बसली तेव्हा पाटीच्या फटीतून करडा पंजा बाहेर आलेला मला दिसला. मी रडायला लागले. आईनं मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "रडू नको, बाय. छाती भरंल." माझ्या लहानपणी हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की रडणं हे इतर मुलांसाठी असतं, आपल्यासाठी नाही, असंच मला बरीच वर्षं वाटायचं.

राखुंडी गेली आणि घराची जत्रा झाली. आईनं गोधड्या उसवून नव्यानं शिवल्या, बाज अंगणात नेऊन तिच्यावर उकळतं पाणी ओतलं, दादांनी सुट्टी काढून भिंतींना चुना दिला. आई दुपारी उन्हात बसून माझ्या स्वेटरमधले केस एकेक करून वेचायची. त्यातले काही तिचेच निघायचे. माझी छाती मात्र वाजतच राहिली. उलट जास्त वाजायला लागली, कारण आता मांजर नाही, औषध चालू आहे, तेव्हा धुरीनं राहिलेला कफ निघून जाईल, या हिशेबानं आईनं धुरी दोन्ही वेळची केली होती. पहाटे एक आणि दिवेलागणीला एक. "घरात केस ऱ्हायले असतील अजून," दादा म्हणायचे, पण त्यांच्या आवाजात जोर नसायचा. यंत्रात बिघाड आहे आणि सापडत नाही म्हटल्यावर ते असेच गप्प व्हायचे. छातीवर कान ठेवून विनोद करायचेही त्यांनी बंद केले. ते मला राखुंडी जाण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मला मिरजगावला पाठवायचं ठरलं. हवापालट होईल, असं दादांचं म्हणणं. आईला ते पसंत नव्हतं, कारण तिकडे मांजर होती. मावशीनं शपथेवर कबूल केलं की मांजर कणगीच्या खोलीत कोंडून ठेवीन. मग आईनं एका फडक्यात ओवा, वेखंड, पाला, ऊद असं सगळं भरलं, तिच्या त्या विशिष्ट दुहेरी गाठीनं बांधलं आणि मावशीच्या हातात दिलं. "कांते, दोन्ही येळंला. इसरायचं न्हाई."

"देते गं, देते," मावशी म्हणाली.

कांतामावशीविषयी खरं सांगायचं तर तिच्याइतकी मायाळू आणि तिच्याइतकी आळशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. मिरजगाव म्हणजे आमच्या हिरव्या उसाच्या पट्ट्यातून गेलेल्याला तव्यावर उतरल्यासारखं. झाड कमी, आभाळ जास्त. सोलापूरकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज दिवसभर, आणि वारा असा की दोरीवरचे कपडे आडवे उभे राहायचे. पहिल्याच संध्याकाळी मावशीनं आईचं फडकं हातात घेतलं, अंगणातल्या चुलीकडे बघितलं, पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "ह्या उन्हात आनि इस्तू घिऊन बसायचं? मरंल मानूस." फडकं तिनं फळीवर डब्यांच्या मागे टाकलं. "उद्यापासनं देऊ." ते उद्या काही उगवलं नाही. कणगीच्या खोलीला कडी होती, पण कडी लावायला उठावं लागतं. रात्री जेवून मी अंगणात अंथरुणावर पडले तर पायापाशी काहीतरी ऊबदार येऊन बसलं, मग पोटावर चढलं, आणि मग ती ओळखीची गुरगुर सुरू झाली. मावशीनं बघितलं. "आक्काला बोलू नको हां," ती म्हणाली. "माजा जीव घील ती."

ते दिवस माझ्या बालपणातले सगळ्यात मोकळे दिवस. सकाळी शिळी भाकरी आणि ताक, दुपारी हुलग्याचे शेंगोळे, सोबत कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. घरोघर कुरडया घालायचं काम चाललेलं. पातेल्यात गव्हाचा चीक रटरटायचा, आणि गरम चीक वाटीत घेऊन गूळ घालून खायला मिळायचा. वाळवण राखायचं काम माझं आणि राखुंडीचं. ओसरीच्या सावलीत आम्ही दोघी बसायचो, कावळा उतरला की मी हाकारा घालायचे आणि ती नुसतं एक डोळा उघडायची. कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी पळते आहे. शेजारच्या मुलींबरोबर लंगडी घालते आहे, विहिरीपर्यंत जाऊन येते आहे, आणि छाती गप्प आहे. मला आनंद झाला नाही. मला धास्ती वाटली. कुणाच्या लक्षात आलं तर काहीतरी बंद होईल, अशी माझी खात्री होती.

सुट्टी संपता संपता आई मला न्यायला आली. न कळवता, दुपारच्या गाडीनं. मी ओसरीवर झोपले होते आणि राखुंडी माझ्या छातीवर. पावलांची चाहूल लागून मला जाग आली, पण लुगड्याचा वास ओळखला आणि मी डोळे मिटूनच ठेवले. आता आई ओरडेल, राखुंडीला हाकलेल, असं वाटलं. ती माझ्याशेजारी बसली. मग वाकून, मांजरीला न हलवता, तिनं माझ्या तोंडाजवळ कान नेला. बराच वेळ ती तशीच वाकून ऐकत राहिली. छाती वाजत नव्हती. मग ती उठून आत गेली आणि मला आतलं बोलणं ऐकू आलं.

"कांते, ती सटवी पोरीच्या उरावर बसलीय की गं!"

"आक्का, चिडू नको. पयल्या दिवसापासनं तितंच हाय ती. पन बघ ना, पोरीला काय बी झालं न्हाई."

मग आईचा आवाज आला, असा हलका आवाज मी तिचा फार दिवसांत ऐकला नव्हता. "धुरी येळंवर देती ना?"

"व्हय तर," मावशी म्हणाली. खोटं तिच्या तोंडातून सहज बाहेर पडायचं, भांडण नको म्हणून.

"बघ, मी म्हनत हुते ना," आई म्हणाली. "लागू पडली धुरी. मांजर उरावर बसून बी पोर टनटनीत. धुरीचा गुन हाय सगळा."

त्या दुपारी आई इतकी आनंदात होती की तिनं राखुंडीला स्वतःच्या हातानं भाकरीचा तुकडा टाकला. मला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं, ओवी गुणगुणली. आणि दिवेलागणीला, एवढा गुण आलाय तर आजची धुरी आपल्या हातची, म्हणून तिनं चुलीतले निखारे खापरात काढले. मावशी घाईनं पुढे झाली. "ऱ्हाऊ दे आक्का, दमून आलीस." पण आईनं ऐकलं नाही. देवळालीहून तिनं वेगळी पुडी आणलीच होती. बाज आत घेतली, मला बसवलं, गोधडी टाकली आणि त्या आनंदात ऊदही मुठीनं टाकला.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. पहिला श्वास घेतला आणि घसा मिटला. इतके दिवस मोकळ्या हवेत राहिलेल्या माझ्या छातीला ती धुरी सोसलीच नाही. खोकलासुद्धा येईना. मी गोधडी ढकलत होते आणि आईचा हात बाहेरून ती धरून ठेवत होता. "खोक, बाय. खोक." मग मावशीची किंकाळी. गोधडी एका झटक्यात निघाली आणि मावशी मला उचलून अंगणात पळाली. माझे ओठ निळे पडले होते असं नंतर काका सांगायचे. काकांनी मला स्कूटरवर पुढे घेतलं, मावशी मागे धरून बसली आणि आम्ही एसटी स्टँडजवळच्या डॉक्टरकडे गेलो. इंजेक्शन झालं. कितीतरी वेळानं श्वासाचा दोर पुन्हा हाताला लागला.

परत आलो तेव्हा आई ओसरीच्या पायरीवर बसलेली होती. खापर तिच्या पायाशी पडलं होतं, त्यात पाणी ओतलेलं होतं. मावशी तिच्यासमोर उभी राहिली आणि एकदम रडायला लागली. "आक्का, मी खोटं बोलले. एकदा बी दिली न्हाई मी धुरी. आळसानं न्हाई दिली गं, एकदा बी न्हाई." ती आत गेली, फळीवरून ते फडकं काढलं आणि आईच्या ओंजळीत ठेवलं. धूळ बसली होती, पण गाठ आईच्या हातची, तशीच होती. आई त्या गाठीकडे बघत राहिली. काका हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण." आईनं रडायला हवं होतं, पण ती रडली नाही. तिनं मला मांडीवर घेतलं आणि नुसती बसून राहिली.

माझा दमा त्या दिवशी गेला असं मात्र कुणी समजू नये. तो आजही आहे, माझ्या पर्समध्ये पंप असतो, थंडीत आणि धुळीत त्याची गरज लागते. पण पहाटेच्या शिट्ट्या थांबल्या, शाळा सुरू झाली, आणि पुढच्या हिवाळ्यात दादांनी कान टेकवून पुन्हा एकदा "मशीन चालू हाय" असं जाहीर केलं. मांजरांचं म्हणाल तर आत्ता हे लिहिताना टेबलावर एक आहे, राखुंडीनंतरची कितवी तरी. माझ्या मुलीच्या बाळंतपणाला आई आली तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. तिनं पणतवंडाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, काजळ घातलं. शेजारणीनं धुरीचं नाव काढलं तर म्हणाली, "ते न्हाई आमच्यात," जणू पिढ्यान् पिढ्या ते आमच्यात नव्हतंच.

मिरजगावात त्या धुरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं फडक्याची गाठ सोडली आणि सगळा ऐवज उकिरड्यावर ओतून आली. मग वेताची पाटी मागून घेतली, तिच्यात लुगड्याचा तुकडा घातला आणि राखुंडीसमोर उकिडवी बसली. मला ती कधी 'चुकलं' असं म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आमच्याकडे आया लेकरांना तसं म्हणत नाहीत. पण त्या सकाळी मी दाराआडून ऐकलं. "चल बाई घरी," ती मांजरीला म्हणत होती. "तुझ्यावर आळ आला. माझं चुकलं. चल." राखुंडीनं जांभई दिली. मावशीनं उंदरांची आठवण करून दिली तर आई म्हणाली, "दुसरी बघ. ही आमची हाय."

एसटीत पाटी आईच्या मांडीवर होती. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात? कोंबडी?" आई म्हणाली, "न्हाई, घरातलं मानूस हाय." नगरला गाडी बदलली. विळदचा घाट उतरेपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सुजे, त्याला मी एकदा बी दिली नव्हती धुरी."

"कुणाला?"

"आपल्या बाळाला. पयल्या." तिचे दोन्ही हात पाटीवर घट्ट होते. "सगळ्या म्हनल्या, धुरी दिली असती तर जगलं असतं. मी बी तेच धरून बसले. इतकी वर्सं." पुढचं वाक्य तिला हळूहळू सापडत गेलं असावं. "म्हंजी धुरी न्हाई दिली म्हनून न्हाई गेलं ते. माझ्यामुळं न्हाई गेलं."

आणि आई रडायला लागली. भरल्या गाडीत, तोंडाला पदर न लावता. तिला तसं रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी घाबरले, आणि मला जे एकच वाक्य माहीत होतं ते मी म्हणाले. "आई, रडू नको. छाती भरंल."

ती रडता रडता हसली. मग तिनं मला जवळ ओढलं आणि पुन्हा रडायला लागली. राहुरी येईपर्यंत मी तिला परत थांबवलं नाही.